बाराव्या खुर्चीवरचे दुलीचंद

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तुळसाबाई गजभियांच्या घरी आली. शिंदीच्या पानांचा विणलेला छोटासा क्रूस तिने चंपाबाईच्या हातात ठेवला आणि चहा यायच्या आतच म्हणाली, "चंपा, तुह्या घरचा माणूस मले गुरुवारी संध्याकाळी पाहिजे. दीड घंट्यापुरता."

चंपाबाईने खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. दुलीचंद नुकतेच विहारातून आले होते. सोमवार होता, बाबासाहेबांची जयंती. अंगात पांढरा कुडता-पायजमा, गळ्यात निळा दुपट्टा.

"कायले पाहिजे?"

"पाय धुवाले."

"कोणाचे?"

"त्याईचेच. फादर धुतीन."

दुलीचंदांनी पाय खाटेवर घेतले आणि मांडी घातली.

दोघी बाया तीस वर्षं एकाच गल्लीत राहत होत्या. एकीच्या घरी क्रूस, दुसरीच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब. नळ मात्र एकच होता आणि त्या नळावर त्यांची मैत्री झाली होती. त्यामुळे तुळसाबाईने काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते म्हणून. बारा खुर्च्या मांडतात, बारा माणसं बसतात. पण बारा शिष्यांतला एक यहूदा होता, येशूला पकडून देणारा. आणि चर्चमधल्या लोकांच्या डोक्यात कसं कोण जाणे बसलं होतं की बारावी खुर्ची यहूदाची.

"अन् हायच ती," तुळसाबाई म्हणाली. "बसलेल्याले विचारा. एकाले कावीळ झाली. एकाच्या बोअरले पाणीच लागलं नाही, बाजूच्याच्याले धो धो. एकाची बायको नाशिकले भावाकडे गेली ते आलीच नाही."

फादर पवन तिर्की झारखंडचे, तरुण, शांत स्वभावाचे. त्यांनी खूप समजावलं होतं की खुर्ची ही खुर्ची असते. मग एका वर्षी त्यांनी खुर्च्या गोलात मांडल्या, म्हणजे शेवटची कोणती हेच कळू नये. लोकांनी फादर कोणापासून सुरुवात करतात ते पाहिलं आणि तिथून मोजलं. गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या. बाराव्या खुर्चीची चिठ्ठी महागू नावाच्या एका जवान माणसाच्या हाती आली आणि महागूने ती सगळ्यांसमोर गिळली.

"मंग मी फादरले म्हटलं," तुळसाबाई म्हणाली, "बाहेरचा माणूस आणते. ज्याचा यहूदाशी काही संबंधच नाही, त्याले यहूदा काय करीन? फादर म्हणाले, पाय तर सब के होते हैं."

दुलीचंद चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. कागदावर 'भृत्य', हाकेला 'अरे'. सकाळी दहाच्या आधी कुलूप उघडायचं, साहेबांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा, संध्याकाळी कुलूप लावायचं. चौतीस वर्षांत एकदाही उशीर नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत त्यांना कोणी कुठल्याही कामासाठी कुठे बोलावलं नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती वाजता हाजर राहू?"

गुरुवारी दुपारी चंपाबाईने त्यांना मोरीत बसवून पाय घासायला घेतले. आधी दगडाने टाचा, मग साबण, मग खोबरेल तेल, मग तेल फार झालं म्हणून पुन्हा साबण.

"अवं, तिथं धुणारच हायेत ना," दुलीचंद म्हणाले.

"म्हणूनच. लोकायनं म्हणू नये, की चंपाबाईनं मळके पाठवले."

संध्याकाळी चर्चमध्ये बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर वीरेंद्रबाबू बसले. चर्चच्या समितीचे ते सचिव; चर्चच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. बारावी खुर्ची यहूदाची असेल तर पहिली आपोआप पेत्राची, म्हणजे शिष्यांतल्या मुख्याची, आणि वीरेंद्रबाबू तिच्यावर एकोणीस वर्षं बसत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील. बाराव्या खुर्चीवर दुलीचंद टेकले तेव्हा उरलेल्या अकरा जणांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. तो आवाज मागच्या बाकापर्यंत ऐकू आला.

फादरांनी शुभवर्तमान वाचलं. दुलीचंदांनी त्यातला एक शब्दही ऐकला नाही. एप्रिलची सतरा तारीख, एक्केचाळीस डिग्री, डोक्यावरचा पंखा बंद पडलेला. ते आपल्या पायांकडे पाहत होते. इतके स्वच्छ पाय त्यांनी स्वतःच्या लग्नातही पाहिले नव्हते.

मग फादरांनी कमरेला पंचा बांधला आणि घंगाळ घेऊन एकेकापुढे गुडघे टेकत निघाले. वीरेंद्रबाबूंपासून सुरुवात झाली. पाणी, पंचा, पुढचा. अकरा झाले. फादर बाराव्या खुर्चीपुढे खाली बसले आणि त्यांनी मान वाकवली.

दुलीचंदांना फादरांची मान मागून दिसली. घामाने ओली, कॉलरची कड वर आलेली. आयुष्यात त्यांनी असंख्य साहेब पाहिले होते, पण सगळे खालून किंवा समोरून. एखाद्या मोठ्या माणसाची मान आपल्यापेक्षा खाली असलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"नाही, साहेब," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "तुमी माहे पाय कधीच धुवाचे नाहीत."

चर्चमध्ये कोणीतरी "हे प्रभू" म्हटलं.

फादरांनी घंगाळ थोडं जवळ ओढलं. मग ते हळूच म्हणाले, "नहीं धोऊँगा, तो फिर आपका और मेरा नाता ही क्या रहा, काका?"

हे दुलीचंदांना पटलं. माणूस एवढ्या गरमीत खाली बसलाय, त्याला रिकाम्या हाताने उठवणं बरं दिसत नाही. त्यांनी पाय पुढे केले. पाणी पडलं. ते कोमट होतं, पण त्या उकाड्यात घोट्यांवरून जे काही वाहत गेलं त्याने त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवण्यासाठी ते घाईघाईने म्हणाले, "मंग नुसते पाय काहून? हात बी धुवा, साहेब. डोकं बी."

तुळसाबाई बाकावरून उठून उभी राहिली आणि रडायला लागली.

कारण पंधरा मिनिटांपूर्वी फादरांनी वाचलं होतं ते हेच होतं. पेत्र आधी म्हणतो, माझे पाय कधीच धुवू नकोस. येशू म्हणतो, मग तुझा-माझा संबंध नाही. पेत्र म्हणतो, मग पायच नको, हात आणि डोकंही धू. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रसंग शब्दन्‌शब्द तसाच झाला होता आणि तोही बाराव्या खुर्चीवर. फादरांनी दुलीचंदांचे हातही धुतले. डोक्यावर ओंजळभर पाणी ओतलं. दुलीचंद म्हणाले, "बस, बस."

घरी चंपाबाईने विचारलं, "कसं झालं?"

"पाणी कोमट होतं," दुलीचंद म्हणाले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले.

इकडे चर्चच्या आवारात वाद पेटला होता. बारावी खुर्ची पेत्राची निघाली, मग यहूदा कुठे गेला? अकरा जण एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. महागू म्हणाला, शेवटून मोजलं तर आता पहिली खुर्ची ती बारावी. हे ऐकताच वीरेंद्रबाबूंचा चेहरा पांढरा पडला.

"ऐकून बोलला तो!" ते ओरडले. "अभी-अभी पढा था फादरने. कोणीबी बोलीन."

"हौ का?" तुळसाबाई म्हणाली. "तुमी एकोणीस वर्षं ऐकून राह्यले. तुमी बोलले का एकदा तरी?"

फादर म्हणाले की ही सगळी मूर्खपणाची चर्चा आहे, घरी जा आणि प्रार्थना करा. लोक घरी गेले आणि फोनवर चर्चा केली.

शुक्रवारी सकाळी दुलीचंद पिशवी घेऊन बाजाराला निघाले. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत लटकत होत्या. कोपऱ्यावर गल्लीतल्याच घनश्यामने विचारलं, "काका, तुमी चर्चमध्ये गेलते म्हणे. त्यायच्यातले झाले का?"

"नाही बा," दुलीचंद म्हणाले. खरंच होतं ते.

शेअर ऑटोत बसले तर ऑटोवाला आरशातून बघत म्हणाला, "काका, कल चर्च में आपही थे ना? उन लोगों के साथ?"

"बैठा था सिर्फ," दुलीचंद म्हणाले. "उनमें का नहीं हूँ मैं."

बाजारात कोंबडीवाल्याच्या दुकानापुढे ते थांबले. दुसऱ्या दिवशी मुलगी दीप्ती गोंदियाहून यायची होती. कोंबडीवाला तराजू पुसत म्हणाला, "तुमचा तो व्हिडिओ पाहिला. फादर डोकं धुऊन देऊन राह्यला. धर्म बदलला का?"

आता दुलीचंदांना जरा रागच आला. "मी त्या लोकायले ओळखतबी नाही नीट! एक तुळसाबाई सोडली तर!"

त्याच क्षणी पिंजऱ्यातला कोंबडा आरवला.

त्या दुकानात कोंबडे दिवसभर आरवत. त्यात नवल काही नव्हतं. पण बाजूच्या भाजीच्या गाड्यावर कोथिंबीर निवडत तुळसाबाई उभी होती आणि कोंबडीवाल्याच्या आधी ऑटोतही ती मागच्या सीटवर होती. कोथिंबीर तिच्या हातातून पडली. पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीन वेळा म्हटलं होतं, आणि मग कोंबडा आरवला होता. घनश्यामचा प्रश्न तिने ऐकला नव्हता, पण घनश्यामला गाठून विचारायला तिला दहा मिनिटं पुरली.

दुपारी तीनला गुड फ्रायडेच्या क्रूसभक्तीला चर्चमध्ये कधी नव्हती अशी कुजबुज चालली होती. "तीन डाव," तुळसाबाई प्रत्येक बाकावर सांगत होती. "पुरे तीन डाव. अन् कोंबडा." वीरेंद्रबाबू पहिल्या बाकावर ताठ बसून राहिले. भक्ती संपल्यावर ते कोणाशी न बोलता उठले, सायकल काढली आणि थेट गजभियांच्या दारात येऊन उभे राहिले.

दुलीचंदांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी कमरेचा सात किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि खाटेवर ठेवला.

"पेत्राजवळ किल्ल्या असतात," ते म्हणाले. "स्वर्गाच्या. आमच्याकडे एवढ्याच हायेत. मुख्य दरवाजा, मागचा दरवाजा, वस्त्रांची आलमारी, दोन पेट्या, पाण्याची मोटर, अन् एक कशाची आहे ते माहे बाबा गेले तरी समजलं नाही."

दुलीचंद हादरले. त्यांना तोवर सगळी हकीकत चंपाबाईकडून कळली होती आणि ती कळल्यापासून त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"वीरेंद्रबाबू, मी तुमच्यातला नाही हे खरंच हाय ना? खरं सांगितलं त्यात माहं काय चुकलं? मी नाही म्हटलं, पण तुमी मले आवडत नाही असं कुठं म्हटलं?"

"ते पेत्रानंबी नव्हतं म्हटलं," वीरेंद्रबाबू म्हणाले. "एकोणीस वर्षं बसलो, गजभियेजी. एकोणीस वर्षं पाय धुऊन घेतले. मले एकदाही काही बोलावंसं वाटलं नाही."

दुलीचंदांनी किल्ल्या परत द्यायला हात पुढे केला. पण जुडगा हातात आला आणि बोटांनी आपोआप मुख्य दरवाजाची किल्ली ओळखून वेगळी केली. चौतीस वर्षांची सवय.

"कुलूप कधी उघडाचं?" त्यांनी विचारलं.

"आता सीधा रविवारी. शनिवारी रात्रीची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, फादर वारासिवनीकडं करतात. रविवारी पहाटे बाया कबरस्तानात मेणबत्त्या लावून येतात. त्यायच्या आधी." आणि वीरेंद्रबाबू सायकल हातात धरून पायीच निघून गेले.

शनिवारभर दीप्तीने वडिलांना समजावलं की हा सगळा वेडेपणा आहे, किल्ल्या फादरांना नेऊन द्या. "फादर वारासिवनीले हायेत," दुलीचंद म्हणाले. "चार्ज घेतला म्हणजे घेतला. हँडओव्हर झाल्याबिगर सोडता येत नाही." त्यांनी गजर लावला नाही, लागत नव्हता.

रविवारी साडेचारला त्यांनी आंघोळ केली आणि जयंतीचाच पांढरा कुडता-पायजमा घातला. चर्चचं कुलूप उघडलं. आत धूळ होती, शुक्रवारी शोकासाठी उघडीबोडकी केलेली वेदी तशीच होती. त्यांनी झाडू मारला. वेदीजवळ पडलेला पांढरा कपडा व्यवस्थित घडी करून एका बाजूला ठेवला. मग एक मेणबत्ती लावली, दारातून वारा यावा म्हणून दरवाजा पूर्ण उघडा टाकला आणि उजव्या बाजूच्या बाकावर साहेबांची वाट पाहावी तसे ताठ बसले.

कबरस्तानातून तुळसाबाई आणि दोन बाया फुलं घेऊन आल्या तेव्हा नुकतंच फटफटत होतं. दरवाजा सताड उघडा. आत कोणी नाही. पांढऱ्या कपड्याची घडी. आणि उजव्या बाजूला, मेणबत्तीच्या उजेडात, पांढऱ्याशुभ्र वस्त्रातला एक माणूस.

दुलीचंदांना वाटलं, बाया फादरांना शोधताहेत.

"कोणाले शोधून राह्यले?" ते नम्रपणे म्हणाले. "ते इथं नाहीत."

तुळसाबाईच्या हातातली फुलं उंबऱ्यावर पडली. ईस्टरच्या पहाटे येशूच्या रिकाम्या कबरीत गेलेल्या बायांना पांढऱ्या वस्त्रातल्या देवदूताने हेच सांगितलं होतं. तिन्ही बाया मागच्या मागे पळाल्या. त्या रस्त्याने पळत गेल्या आणि भीतीने कोणाला काही सांगेनात. शेवटी वीरेंद्रबाबूंच्या दारात तुळसाबाईच्या तोंडून एवढंच निघालं, "दरवाजा उघडा हाय. आत देवदूत हाय. पांढरे कपडे."

वीरेंद्रबाबू बनियनवरच निघाले. त्यांच्या मागून महागू निघाला. महागू वयाने लहान, त्यामुळे तो पुढे गेला आणि चर्चपाशी आधी पोहोचला. पण दारात त्याचे पाय थबकले. आत जायची हिंमत होईना. तो वाकून नुसता डोकावत राहिला. मागून धापा टाकत वीरेंद्रबाबू आले, त्यांनी महागूला बाजूला सारलं आणि सरळ आत शिरले.

बाकावरून दुलीचंद उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. मोटर चालू करून पाहिली. पाणी नाही येऊन राह्यलं."

वीरेंद्रबाबू त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. छाती धडधडत असताना, बनियनवर, चर्चच्या मधोमध उभं राहून ते इतके हसले की त्यांना बाक धरावा लागला. दुलीचंदही हसले, कशाला ते न समजता.

तेवढ्यात फादर पवन वारासिवनीहून मोटारसायकलवर आले. दारात महागू, अंगणात रडणाऱ्या बाया, आत दोन म्हातारे हसताहेत. तुळसाबाईने त्यांना सगळं सांगितलं. फादर महागूकडे वळून म्हणाले, "आप पहले पहुँचे, पर अंदर नहीं गए. अंदर पहले कौन गया?"

"वीरेंद्रबाबू."

"हूँ," फादर म्हणाले. "कबर पर भी ऐसा ही हुआ था. दौडने में दूसरा आगे था. पहले अंदर पेत्र गया था."

महागूने हे अंगणभर केलं. वीरेंद्रबाबूंनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. दुलीचंदांनी खिशातून घडी केलेला कागद काढला होता. त्यावर त्यांनी शनिवारीच लिहून ठेवलं होतं: सात किल्ल्या, त्यांपैकी एक अज्ञात, सुस्थितीत परत केल्या. "सही करा," ते म्हणाले. वीरेंद्रबाबूंनी बाकावर कागद ठेवून सही केली आणि जुडगा कमरेला बांधला.

ईस्टरची मिस्सा झाली. दुलीचंद मागच्या बाकावर बसले आणि या वेळी त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. काही समजलं, काही नाही. नंतर आवारातल्या आंब्याखाली रंगवलेली उकडलेली अंडी आणि बुंदी वाटली. चंपाबाई आणि दीप्तीही आल्या होत्या; तुळसाबाई दीप्तीला पुन्हा पुन्हा सांगत होती की देवदूत कसा दिसतो हे तिने पाहिलंय, आणि त्याला पुढचे दोन दात नाहीत.

वीरेंद्रबाबू एक लाल अंडं सोलत दुलीचंदांच्या शेजारी येऊन बसले. अर्धं त्यांनी पुढे केलं. दोघांनी मीठ न लावताच खाल्लं.

"आता पुढचा सण कधी?" दुलीचंदांनी विचारलं.

"चाळिसाव्या दिवशी. स्वर्गारोहण. प्रभू वर गेले, ढगात."

"त्या दिवशी काही करा लागते का?"

वीरेंद्रबाबूंनी थोडा विचार केला. "नाही. शिष्य वर पाहत उभे राह्यले होते. तेवढंच."

"किती वेळ?"

"ते नाही लिहिलं."

दुलीचंदांनी हात पायजम्याला पुसले, मान मागे टाकली आणि आंब्याच्या फांद्यांमधून आभाळाकडे पाहून घेतलं. ऊन चढायला लागलं होतं; ढग एकही नव्हता.

"हे जमते मले," ते म्हणाले.